शॉकअप बदलावा की जुळवावा?

मोटरसायकलीचे मागचे चाक आणि तिची चासी यांच्यामध्ये बसणाऱ्या ज्या भागाला मुंबईच्या गॅरेजांत सरसकट ‘शॉकअप’ म्हटले जाते, त्यात प्रत्यक्षात दोन अगदी निराळी कामे करणारी दोन साधने एकत्र नांदत असतात. पहिले साधन स्प्रिंग होय. चाक खड्ड्यातून निघताना वर ढकलले गेले की ती दबते, धक्क्याची ऊर्जा साठवते आणि लगेच ती परत करू पाहते. दुसरे साधन डॅम्पर होय, म्हणजे तेलाने भरलेली नळी आणि तिच्यात सरकणारा बारीक छिद्रांचा दट्ट्या. स्प्रिंग जी ऊर्जा परत करते ती हा दट्ट्या तेलाला छिद्रांतून रेटून उष्णतेत बदलतो, आणि म्हणूनच गाडी एका खड्ड्यानंतर सात-आठ वेळा वरखाली न होता एकदा उठून स्थिरावते. स्प्रिंग वजन पेलते, डॅम्पर हालचाल आवरतो, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

या दोहोंची गल्लत हेच मागचा शॉकअप बदलण्याविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ आहे. दक्षिण आणि मध्य मुंबईत हा वाद निव्वळ हौसेचा राहत नाही, कारण जे. जे. उड्डाणपूल, सागरी किनारा मार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकींना मनाई असल्यामुळे गिरगाव किंवा लालबागच्या मोटरसायकलस्वाराच्या वाट्याला मुख्यतः खालचेच रस्ते येतात. या रस्त्यांवर डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक हे तिन्ही थर एकाच फेरीत चाकाखालून जातात; गणेशोत्सवानंतर मंडपाच्या खांबांचे बुजवलेले खड्डे पुन्हा तोंड उघडतात; आणि मेट्रो-३ च्या गिरगाव व काळबादेवी स्थानकांचे काम चालू होते त्या वर्षांत जगन्नाथ शंकरशेट मार्गाने जाणाऱ्यांना रस्त्याच्या प्रत्येक सांध्याची ओळख पाठीच्या कण्यातून होत असे. अशा रस्त्यावर रोज डबलसीट जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने शॉकअप हा आरोग्याचा विषय ठरतो.

एका पक्षाचे म्हणणे पूर्ण मांडून मगच दुसऱ्या पक्षाने उत्तर द्यायचे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची जुनी शास्त्रीय पद्धत या विषयाला सोयीची आहे. येथे पूर्वपक्ष गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या एका तरुण स्वाराकडे आणि उत्तरपक्ष लालबागच्या गल्लीतील गॅरेजच्या वयस्क मिस्त्रींकडे दिला आहे. दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. भूमिका मात्र परळ-लालबागच्या कोणत्याही गॅरेजात ऐकू येणाऱ्या आहेत.

स्वार : काका, कंपनीने बसवलेला शॉकअप हिशेबाने बसवलेला असतो. कारखान्याला एकच स्प्रिंग पन्नास किलोच्या माणसालाही द्यायची असते आणि शंभर किलोच्या माणसालाही. शिवाय गाडीची किंमत आधी ठरलेली असल्यामुळे तेल, सील आणि झडपा यांत जिथे वाचवता येईल तिथे वाचवलेले असते. असा शॉकअप काढून चांगला बसवला तर त्यात वावगे काय?

मिस्त्री : वावगे काही नाही, बाळा, घाई मात्र आहे. शॉकअपच्या तळाला जी खाचांची रिंग असते, तिला तू गाडी घेतल्यापासून पाना लावला आहेस का? गाडी शोरूममधून आली तशीच चालवायची, तुझे वजन वेगळे, मागे बसणाऱ्याचे वेगळे, आणि दोष मात्र शॉकअपला द्यायचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे व्हायला नको.

स्वाराच्या बोलण्यातील ‘कंपनीचा शॉकअप’ हा शब्दप्रयोग थोडा तपासून घेण्यासारखा आहे, कारण मोटरसायकल बनवणारी कंपनी सहसा शॉकअप स्वतः बनवत नाही. तो तिच्या मापाप्रमाणे आणि तिने ठरवलेल्या किमतीत दुसरे कारखाने बनवून देतात, आणि या कारखान्यांत महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. गॅब्रिएल इंडियाची स्थापना १९६१ साली झाली ती मुंबईच्याच मुलुंडमध्ये, आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतून वाढलेली एन्ड्युरन्स ही कंपनी देशातील अनेक दुचाकींना शॉकअप पुरवते. तेव्हा शॉकअप सामान्य प्रतीचा निघाला तर बनवणाऱ्याला येत नव्हते असा अर्थ होत नाही. मागणाऱ्याने तेवढेच मागितले होते, असा होतो. येथवर स्वाराचे म्हणणे खरे आहे. परंतु ‘सरासरी माणसासाठी बनवलेला’ आणि ‘वाईट’ या दोन विशेषणांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर किती आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मिस्त्रींनी ज्या रिंगचा उल्लेख केला तिला प्रीलोडची रिंग म्हणतात. प्रीलोड म्हणजे कोणतेही वजन येण्याआधीच स्प्रिंगला दिलेला दाब. साध्या गाडीत ही रिंग पायऱ्यापायऱ्यांची असते आणि हूक पान्याने एकेक पायरी वर चढवता येते. रिंग चढवली की शॉकअप ‘कडक’ होतो, अशी समजूत स्वारांत आणि बऱ्याच मिस्त्रींतही रूढ आहे, ती मुळात चुकीची आहे. स्प्रिंग एक मिलीमीटर दाबायला जितके बळ लागते तितकेच रिंग चढवल्यानंतरही लागते; बदलते ती फक्त गाडी वजनाखाली कुठपर्यंत बसते ती उंची. रिंग म्हणजे उंची जुळवण्याचे साधन, एवढे एक वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे.

मिस्त्री : मोजायला काय लागते? शिंप्याची टेप आणि दोन माणसे. गाडी मधल्या स्टँडवर घे, मागचे चाक अधांतरी लोंबू दे, आणि चाकाच्या एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर लिही. मग गाडी जमिनीवर उभी करून, दोनदा दाबून सोडून, तेच अंतर लिही. शेवटी रोजच्या कपड्यांत, हेल्मेट-बॅगेसकट, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बस, पुढून कोणी तरी हँडल धरू दे, आणि तिसऱ्यांदा लिही. पहिल्यातून तिसरे वजा कर. तुझी गाडी किती बसते ते तुला कळेल.

हे जे बसणे आहे त्याला तांत्रिक भाषेत सॅग म्हणतात, आणि शॉकअपविषयी निर्णय घेताना याच्याइतका उपयोगी आकडा दुसरा नाही. रस्त्यावरच्या गाडीत स्वार बसल्यावर मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एकतृतीयांश भाग वापरला जावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे चाकाला १०० मिलीमीटर हालचाल असेल, तर गाडी सुमारे २५ ते ३३ मिलीमीटर बसावी. यापेक्षा कमी बसली, तर चाकाला खड्ड्यात उतरण्यासाठी खाली जागा उरत नाही आणि ते रस्ता सोडून उडते. जास्त बसली, तर वर येण्यासाठी जागा उरत नाही आणि मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला जाऊन आदळतो. मागे दुसरी व्यक्ती बसली की काय होते, हेही याच हिशेबात दिसते. उदाहरणादाखल, मागच्या चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा साधारण तीन किलोला एक मिलीमीटर असा धरला आणि मागे बसणाऱ्याचे साठ किलो वजन मागच्या चाकावर आले असे मानले, तर गाडी आणखी २० मिलीमीटर बसते, म्हणजे शंभरातील निम्मी हालचाल खड्डा येण्यापूर्वीच खर्च झालेली असते.

दुसऱ्या मापाचा उपयोग त्याहून सूक्ष्म आहे आणि बहुतेकांना तो ठाऊक नसतो. पहिल्या मापातून दुसरे वजा केले की गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते कळते. रिंग चढवून स्वारासकटचा आकडा योग्य आला, पण गाडी स्वतःच्या वजनाने अजिबातच बसेनाशी झाली, तर स्प्रिंग त्या स्वारासाठी मऊ आहे आणि तिला प्रीलोडच्या जोरावर कसेबसे तोलले जात आहे, असे निदान होते. उलट स्वारासकटचा आकडा बरोबर असून गाडी स्वतःच्याच वजनाने फार बसत असेल, तर स्प्रिंग त्या स्वारासाठी वाजवीपेक्षा कडक आहे. या दोन्ही स्थितींत रिंग कितीही फिरवली तरी उपाय होत नाही आणि स्प्रिंग बदलणे प्राप्त होते. अर्थात मिस्त्रींची मोजमापाची रीत शॉकअप बदलण्याच्या विरोधात जातेच असे नाही. बदल नेमका कशाचा हवा, हे ती सांगते.

स्वार : ठीक आहे काका, माप जुळवले. तरी एक गोष्ट उरते. पेव्हर ब्लॉकच्या लांब पट्ट्यावर गाडी आत आत बसत जाते आणि पट्टा संपल्यावर एकदम उसळते. शिवाय सकाळी निघताना बरी वाटणारी गाडी तासाभराने होडीसारखी डोलू लागते. हे रिंगने कसे सुटेल?

मिस्त्री : डोलते म्हणजे तेल मेले. उतरवू, उघडू, ऑइल सील बदलू, थोडे जाड तेल भरू आणि तोंड वेल्डिंगने बंद करू. नव्याच्या निम्म्याहून कमी खर्चात काम होते. टाकून कशाला द्यायचा?

येथे मात्र उत्तरपक्ष डळमळतो. स्वाराने सांगितलेली दोन्ही लक्षणे स्प्रिंगची नसून डॅम्परची आहेत, आणि ती एकमेकांहून वेगळी आहेत. डॅम्परला दोन दिशांनी काम करावे लागते: चाक वर येताना जो विरोध होतो त्याला कम्प्रेशन म्हणतात आणि स्प्रिंग परत उघडताना जो विरोध होतो त्याला रिबाउंड. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला १० मीटर जाते. पेव्हर ब्लॉकचे उंचवटे दोन-दोन मीटरवर असले, तर तिला सेकंदाला पाच धक्के बसतात आणि दोन धक्क्यांत फक्त एकपंचमांश सेकंद मिळतो. रिबाउंडचा विरोध फार असेल, तर एवढ्या वेळात स्प्रिंग पूर्ण उघडत नाही, पुढचा धक्का तिला अर्धवट दबलेल्या स्थितीतच गाठतो, आणि प्रत्येक धक्क्यागणिक गाडी थोडी आणखी खाली बसते. स्वार ज्याला ‘आत बसत जाणे’ म्हणतो ते हेच. होडीसारखे डोलणे हे याच्या उलट कारणाने होते: तेल तापून पातळ झाल्यामुळे, किंवा त्यात हवा मिसळून फेस झाल्यामुळे, विरोधच उरत नाही. गार असताना विरोध जास्त आणि तापल्यावर नाहीसा, अशा डॅम्परमध्ये सकाळी एक दोष आणि दुपारी दुसरा दोष दिसला तर नवल नाही.

फेसाचा हा प्रश्न मोटारींच्या अभियंत्यांना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छळत होता. द कार्बाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने एका नळीच्या शॉकअपमध्ये तेलाला दाबाखालील वायूने सतत दाबून ठेवण्याची आणि वायू व तेल यांच्यामध्ये मोकळा सरकणारा पडदा घालण्याची रचना पुढे आणली, तेव्हा तो बराचसा सुटला. तेल दाबाखाली असले की त्यात बुडबुडे सहजी तयार होत नाहीत, आणि लांबच्या खडबडीत प्रवासातही विरोध टिकून राहतो. भारतात या शतकाच्या पहिल्या दशकात बजाजच्या पल्सरने ‘नायट्रॉक्स’ या नावाने वायूभरित शॉकअप सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचवला, आणि तेव्हापासून ‘गॅसचा शॉकअप’ हा शब्द गॅरेजांत रुळला. त्यात भरलेला नायट्रोजन वजन पेलण्यासाठी नसतो, तेलाचा फेस होऊ नये यासाठी असतो, एवढा खुलासा येथे पुरेसा आहे, कारण ‘गॅस भरला की गाडी उचलते’ ही समजूत अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळते.

या पार्श्वभूमीवर जाड तेलाचा मिस्त्रींचा उपाय पाहिला की त्याची मर्यादा उघड होते. जाड तेलाने विरोध वाढतो खरा, पण तो दोन्ही दिशांनी आणि सर्व वेगांना सारखा वाढतो. डोलणे थांबते, परंतु खड्ड्याची तीक्ष्ण कड आली की तेलाला छिद्रांतून वेळेत निघता येत नाही आणि तो धक्का जसाच्या तसा सीटपर्यंत येतो, शिवाय पेव्हर ब्लॉकवरचे आत बसत जाणे आणखी वाढते. वेल्डिंगचा प्रश्न याहून गंभीर आहे. वायूभरित नळीत मोठा दाब असतो. ती दाब न सोडता कापणे किंवा तापवणे म्हणजे कारागिराच्या हातातोंडाशी स्फोट घडवण्याची तयारी करणे होय. जे शॉकअप उघडून पुन्हा भरता येतील असे बनवलेले असतात, त्यांना वायू सोडण्या-भरण्यासाठी व्हॉल्व्ह आणि उघडण्यासाठी सर्कलिप किंवा आटे असतात. जे कारखान्यातच कायमचे बंद केलेले असतात, ते दुरुस्त करण्यासाठी बनलेलेच नसतात. असा बंद शॉकअप निकामी झाला, की बदलणे हीच दुरुस्ती, आणि या मुद्द्यावर तरुणाचा पूर्वपक्ष निःसंदिग्धपणे वरचढ ठरतो.

मिस्त्री : बरे, डॅम्पर मेला तर बदलू. पण मेला आहे हे ठरवताना चिमट्याचे बुश तपासशील की नाही? मागचे चाक उचलून धर आणि डावी-उजवीकडे हलव. चिमटा खेळत असेल, तर बाजारातला सगळ्यात महाग शॉकअप बसवला तरी वळणावर गाडी शेपटी हलवणार. टायरमधली हवा, चाकाचे बेअरिंग, चिमट्याचे बुश, आणि मग शॉकअप, हा क्रम सोडू नये.

‘चिमटा’ म्हणजे मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारी आणि पुढच्या टोकाशी चासीला खिळलेली दुभंगी भुजा. मोटरसायकलीच्या पहिल्या काही दशकांत ती सामान्यतः नव्हती. चाक चासीला ताठ बांधलेले असे आणि स्वाराला सीटखालच्या स्प्रिंगांवर भागवावे लागे. रॉयल एनफील्डच्या बुलेटने १९४९ साली मागे चिमटा आणि दोन शॉकअप स्वीकारले, आणि आजच्या बहुसंख्य साध्या गाड्यांची रचना मूलतः तीच आहे. बेल्जियन अभियंते ल्यूसियाँ तिल्केन्स यांच्या कल्पनेवर आधारलेला एकच मधला शॉकअप यामाहाने १९७३ साली मोटोक्रॉसच्या शर्यतीत जगज्जेता ठरवला. तीच एकल रचना होंडा युनिकॉर्नने २००४ साली भारतीय कुटुंबाच्या दीडशे सीसी गाडीत आणली. एकल शॉकअपमध्ये जेथे तरफांची जोडणी असते तेथे तिच्या बेअरिंगांना ग्रीस लागते, आणि मुंबईच्या पावसात व खाऱ्या हवेत हे ग्रीस वर्षाकाठी एकदा तरी बदलले नाही, तर जाम झालेली तरफ नव्या शॉकअपलाही निकामी असल्यासारखे वागायला लावते. मिस्त्रींच्या पिढीला हे सहज उमजते, कारण गिरणगावातल्या फिटर-टर्नरांच्या हाताखाली जी पिढी शिकली तिला लेथवर बुश कापून मिलीमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बसवण्याची सवय होती, आणि सैल सांध्याचा आवाज तिचा कान अचूक ओळखत असे. हे कौशल्य जपण्याजोगे आहे. वेल्डिंगने बंद केलेल्या शॉकअपवर ते वाया जाऊ नये, एवढेच.

स्वार : मग बदलायचाच आहे तर पूर्णच बदलू. दहा-पंधरा मिलीमीटर लांब घेऊ, म्हणजे गाडी उंच दिसेल आणि स्पीडब्रेकरला घासणार नाही. स्प्रिंगही कडक घेऊ. कडक स्प्रिंगवर गाडी रस्त्याला चिकटून राहते म्हणतात.

मिस्त्री : रस्ता शर्यतीच्या मैदानासारखा गुळगुळीत असेल तर राहील. आंबेडकर रोडवर कडक स्प्रिंग म्हणजे हाडांना शिक्षा. आणि मागून गाडी उचललीस की पुढचा भाग झुकतो, हे कोणी सांगितले नाही वाटते.

दोन्ही मुद्द्यांवर मिस्त्री बरोबर आहेत, आणि दोन्हींमागचे कारण आकड्यांत मांडता येते. स्प्रिंगवर तोललेले वजन स्वतःच्या लयीत वरखाली होते, आणि ती लय स्प्रिंग एकूण किती दबली आहे यावर ठरते. पूर्ण मोकळ्या लांबीपासून, चाकाशी मोजून, स्प्रिंग ४० मिलीमीटर दबलेली असेल, तर लय सेकंदाला सुमारे अडीच आंदोलनांची येते. स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर दाब २० मिलीमीटरवर येतो आणि लय साडेतीनपर्यंत चढते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ८ आंदोलनांच्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असतो, हे कंपनांच्या अभ्यासात प्रस्थापित झालेले आहे. म्हणजे स्प्रिंग गरजेपेक्षा कडक करणारा स्वार आपल्या गाडीची लय कण्याच्या नाजूक पट्ट्याकडे सरकवत असतो, आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीला त्याचा त्रास अधिक होतो, कारण ती जवळजवळ मागच्या एक्सलवरच बसलेली असते. स्प्रिंगचा कडकपणा वजनावरून आणि मोजलेल्या सॅगवरूनच ठरवावा. रस्त्याला चिकटण्याची हौस हा त्याचा निकष होऊ शकत नाही.

लांबीचा प्रश्न तितकाच नाजूक आहे. दोन चाकांमधले अंतर १,३५० मिलीमीटर असलेल्या गाडीचा मागचा भाग २४ मिलीमीटरने उचलला, तर संपूर्ण गाडी पुढच्या बाजूला सुमारे एक अंशाने झुकते. पुढचा फोर्क तेवढाच अधिक उभा होतो, आणि ट्रेल, म्हणजे हँडलच्या अक्षाची रेषा जिथे जमिनीला टेकते तो बिंदू आणि टायर जिथे टेकतो तो बिंदू यांतले अंतर, सहा-एक मिलीमीटरने घटते. हँडलला सरळ रेषेत धरून ठेवण्याचे काम ट्रेल करतो. दोन शॉकअपांच्या गाडीत शॉकअप जितका लांबवला साधारण तितकाच मागचा भाग उठतो. एकल शॉकअपच्या गाडीत मात्र तरफेच्या गुणोत्तरामुळे दहा मिलीमीटर लांब शॉकअपने मागचा भाग वीस-पंचवीस मिलीमीटर उठू शकतो. शिवाय साइड स्टँड आखूड पडतो, चेनचा ताण नव्याने पाहावा लागतो, आणि बुटक्या व्यक्तीचे पाय सिग्नलला जमिनीला टेकेनासे होतात. स्पीडब्रेकरला घासण्याचे कारण बहुधा वाजवीपेक्षा जास्त सॅग हे असते, आणि त्यावर उपाय पहिल्याच भागात सांगून झाला आहे. तेव्हा बदली शॉकअपची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, म्हणजे वरच्या आणि खालच्या बोल्टच्या छिद्रांमधले अंतर, मूळच्याइतकीच ठेवावी.

काही लहान गोष्टींचा उल्लेख पुरेसा आहे. दोन शॉकअपांच्या गाडीत एकच बदलू नये. डावा नवा आणि उजवा थकलेला असला, तर चिमट्याला पीळ बसतो. बाहेर तेलाची वेगळी डबी असलेले शॉकअप बसवताना ती साडी गार्डला अडते म्हणून गार्डच काढून टाकण्याची पद्धत दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण दुचाकीला आवश्यक आहे, आणि साडी किंवा ओढणी चाकात गुंतण्याचा धोका नियमापेक्षाही मोठा आहे. कायद्याच्या बाजूने पाहता, सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट करताना, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे फेरफार अमान्य ठरवले. त्याच वर्षीच्या सुधारणेने परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. थकलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा शॉकअप घालणे आणि गाडीची उंची व ठेवण बदलणे या दोन गोष्टींत फरक आहे, आणि स्वाराने पहिल्या बाजूलाच राहणे शहाणपणाचे आहे.

स्वार : मग काका, एवढे सगळे तपासून शेवटी बदलायचा ठरला, तर कोणता घ्यावा? परदेशी बनावटीचा?

मिस्त्री : स्वीडनचा घेतलास तर एका साध्या शंभर सीसी गाडीची किंमत त्यात जाऊ शकते. तुझ्या वजनाची स्प्रिंग मिळते का, आणि उघडून पुन्हा भरता येतो का, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचार. दोन्हीला हो म्हणाला, तर कुठला का असेना. रिबाउंडचा स्क्रू असेल तर उत्तम. बाकीचे चार स्क्रू तू वर्षभर फिरवणार नाहीस.

या शेवटच्या उत्तरात मिस्त्रींनी नकळत पूर्वपक्ष मान्य केला आहे, आणि ते योग्यच झाले. एका वाढीव स्क्रूपेक्षा योग्य कडकपणाची स्प्रिंग अधिक मोलाची, आणि पंधरा वर्षे पुन्हा पुन्हा भरता येणारा मध्यम प्रतीचा शॉकअप हा एकदाच वापरून टाकायच्या चकचकीत शॉकअपपेक्षा स्वस्त पडतो. मात्र मूळचा शॉकअप सहा वर्षांहून कमी वयाचा असेल, त्याच्या दांड्यावर तेल दिसत नसेल, आणि गाडीची शेपटी दाबून सोडल्यावर ती एकदाच उठून स्थिरावत असेल, तर त्याला काढून टाकण्याचे कोणतेही सबळ कारण उरत नाही; अशा वेळी खर्च करायचाच असेल तर तो चांगल्या टायरवर करावा.

शॉकअप घेण्यासाठी ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात जाणाऱ्या वाचकाने आधी एखाद्या रविवारी सकाळी, चाळीच्या किंवा इमारतीच्या अंगणात, शेजाऱ्याला हँडल धरायला लावून ती तीन मापे घ्यावीत, मागे नेहमी जी व्यक्ती बसते तिला बसवून चौथे घ्यावे, त्यांच्याखाली दोघांचे वजन, चाकाची एकूण हालचाल आणि मूळ शॉकअपची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी लिहावी, आणि तो कागद खिशात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.